गेमच्या डब्यातलं रोवण्याचं गाणं

माझ्या सासूबाईंचा उजवा डोळा गेलाय, हे मला डॉक्टरने सांगितलं नाही, नवऱ्याने नाही, खुद्द सासूबाईंनीही नाही. सांगितलं ते गेम खेळायच्या एका डब्याने. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील आणि माझे दोन्ही हात लाखोळीच्या डाळीच्या पिठात होते.

डबा घरात आला तेव्हाच मी भांडले होते. दोन हजार आठ-नऊची गोष्ट असेल. नवऱ्याचं गोंदियात टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे एका राईस मिलवाल्यांनी पोराचा गेम दुरुस्तीला टाकला आणि चार महिने फिरकलेच नाहीत. शेवटी म्हणाले, "रख लो भैया, बच्चे को नया दिला दिया." झालं! संध्याकाळी हा माणूस तो काळा, विटेसारखा जड डबा काखेत मारून घरी हजर.

"अहो, आपल्या घरात गेम कोण खेळणार? पोरगी नागपूरला होस्टेलवर. आता तुम्ही खेळणार की आत्याबाई?" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे.

"खेळायला नाही आणला," ते म्हणाले. "याच्यात हार्डडिस्क असते. गाणी भरतो."

"गाणी? गेमच्या डब्यात?"

"तू पाहत राह्य."

मी पाहत राहिले. महिनाभर माझा हॉल म्हणजे दुकान झाला होता. डबा उघडून पडलेला, बाजूला स्क्रूंची वाटी, तीच वाटी जी मी दह्याला वापरायचे. त्यांनी आत मोठी हार्डडिस्क घातली, कुठल्याशा मित्राकडून काही तरी सॉफ्टवेअर आणून चढवलं, कॉम्प्युटरवरून वायर ओढली आणि दुकानातल्या सगळ्या कॅसेट, सीड्या एकेक करून त्या डब्यात ओतल्या. मग आणखी वायरी. एक स्पीकर हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात फडताळावर, एक मागच्या खोलीत आत्याबाईंच्या खाटेच्या वर. टीव्हीवर यादी दिसायची, जॉयस्टिकचं बटण दाबलं की गाणं बदलायचं.

आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी सकाळी डबा घुर्र करून सुरू झाला आणि तिन्ही खोल्यांत एकदम वंदना सुरू झाली, तेव्हा मी चहाचा कप हातात घेऊन बावळटासारखी उभी राहिले. खेळण्यातून बुद्धवंदना! शाळेत स्टाफरूममध्ये सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना. एका बाईंनी तर मुद्दाम घरी येऊन पाहिलं.

त्यानंतर तो डबा दिवसभर चालायचा. सकाळी वंदना, मग यांची भीमगीतं, मग हिंदी सिनेमाची जुनी गाणी. यांना शफलचं वेड. म्हणजे डबा आपल्या मनाने कुठलंही गाणं लावणार. वंदनेच्या मागे कव्वाली, कव्वालीच्या मागे लग्नाचा बँड. मी शिक्षिका, मला सगळं ओळीत लागतं. म्हणून माझ्या घरी असण्याच्या वेळात जॉयस्टिक माझ्या ताब्यात. नको ते गाणं आलं की टक्, पुढे.

आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. गाव नवेगाव बांधकडचं. स्वतःची शेती कधीच नव्हती, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानाचा रोवणा केला, लावणी केली. गोंदियात त्यांचा जीव रमेना. आषाढ आला की म्हणायच्या, "हात खाजवून राहिले बाई, मी जातो रोवण्याले." आमच्याकडे बाया असंच बोलतात, जातो, येतो. मग हे त्यांना गावी सोडून यायचे.

त्यांनी मला एकदा सांगितलेलं मला नीट आठवतं. बांधीत बाया ओळीने वाकून पऱ्हे लावतात, म्हणजे धानाची रोपं, आणि एकीने गाणं उचललं की बाकीच्या मागून धरतात. पाठ केलेलं गाणं नसतं ते. जिच्या मनात जे असेल ते ती जोडते. घरात तोंडावर बोलता येत नाही ते बांधीत गायचं. सासू असो, जाऊ असो, ऐकणारी त्याच ओळीत वाकलेली असते. तिने रागवायचं नाही, घरी विषय काढायचा नाही. जे करायचं ते गुपचूप करायचं. आणि गाणारीनेही तीच गोष्ट पुन्हा तोंडाने बोलायची नाही. बोलली तर ते भांडण झालं. "मी नवी नवरी होतो तवा भुकेचा गाना गायलो," आत्याबाई हसत म्हणाल्या होत्या. "दुसऱ्या दिवसी सासूनं शिदोरीत भात वाढवून देल्ला. बोलली नाही काई." मी ऐकलं आणि पेपर तपासायला बसले. शहरातली मी, बांधीत कधी पाय टाकला नाही. मला ती गंमत वाटली.

त्या आषाढात यांच्या डोक्यात आलं की मायची गाणी भरायची. कुठून तरी छोटा रेकॉर्डर मिळवला, तो छत्रीच्या दांड्याला बांधला आणि हा माणूस कानाला हेडफोन लावून दोन दिवस बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभा. परत आल्यावर काय तो आनंद! "चिखलातून पाय उचलतात ना, तो आवाजसुद्धा आला! इतकं साफ!" ती पंचवीसेक गाणी डब्यात गेली, बाकीच्या हजारोंमध्ये.

मला ती आवडायची नाहीत. आता लपवून काय करू? एकच चाल, रें रें लांबवलेली, मागे पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून घरी आलेल्या बाईला ते सोसेना. पहिली ओळ सुरू झाली की मी टक्.

त्याच वर्षात आत्याबाई फार चुका करायला लागल्या. पाण्याचा पेला ठेवायला जात आणि तो टेबलाच्या काठावरून खाली. तांदूळ निवडायला दिले तर खडे तसेच. एकदा उंबऱ्याला अडखळून पडल्या. मी काय करावं? धावून उचललं, हो. पण उचलता उचलता म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुमचं? पोरं बरी माझ्या वर्गातली!" त्या "हो बाई" म्हणायच्या आणि भिंतीला हात लावत मागच्या खोलीत जायच्या. भिंतीला हात लावत! मला दिसत होतं ते. रोज दिसत होतं. मला वाटलं, वय झालं.

मग तो रविवार. उन्हाळा लागला होता. हे दुकानात गेले होते, मी लाखोळीचे वडे करायला घेतले होते. पीठ कोपरापर्यंत. डबा शफलवर चालू. बँड संपला आणि ती पाण्याची चुबुक चुबुक सुरू झाली. मी सवयीने जॉयस्टिककडे पाहिलं. हॉलमध्ये पडली होती, आणि माझे हात असे. म्हटलं, जाऊ दे, वाजू दे एकदा. वडे थापत राहिले.

*पानी आला बांधीले, पऱ्हा लावू ओळीनं वो बाई,*
*पऱ्हा दिसे धुका धुका, हातानं चाचपतो वो बाई,*
*उजवा डोरा इझला माहा, डावा मिणमिण करे वो बाई,*
*सून माही तिखट वो, तिले सांगू कशी वो बाई.*

मागून बायांनी ओळ धरली. दहा-बारा बाया, सगळ्या मिळून, माझ्या स्वयंपाकघरात, फडताळावरच्या स्पीकरमधून: सून माही तिखट वो, तिले सांगू कशी.

वडा हातातून तेलात पडला, तेल उडालं, मनगट भाजलं, मला कळलंही नाही. पहिल्यांदा वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, गाण्यात काहीही म्हणतात. आणि मग तो पेला, ते खडे, तो उंबरा, ती भिंत, सगळं एकदम समोर आलं. अगं बाई गं! गॅस बंद केला आणि तसेच पिठाचे हात घेऊन मी मागच्या खोलीत गेले.

आत्याबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला, अगदी हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले. त्या समोर पाहत राहिल्या. मी पिठाने भरलेला हात त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर हलवला. एकदा, दोनदा. पापणी हलली नाही.

मी तशीच दुकानावर गेले. पायात चप्पल होती की नाही, आठवत नाही. भर बाजारात नवऱ्यावर ओरडले. "तुम्ही तिथे उभे होतात! कानाला लावून उभे होतात! तुमची माय ओरडून सांगत होती आणि तुम्ही काय ऐकत होतात?"

त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा हातातली सोल्डरची कांडी तशीच राहिली, आणि त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "मी आवाज पाहत होतो," ते म्हणाले. "फाटतो का ते पाहत होतो. शब्द... शब्दांकडे नव्हतं माझं."

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने बराच वेळ तपासलं आणि आम्हाला बाहेर बोलावलं. काचबिंदू. उजवा संपूर्ण गेला. डाव्यात जेवढं उरलंय तेवढं ऑपरेशनने आणि थेंबांनी कदाचित टिकेल, गेलेलं परत येणार नाही. "पहले क्यों नहीं लाए? मागच्या वर्षी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं." मागच्या वर्षी! मागच्या आषाढातलं गाणं आमच्या हॉलमध्ये पडून होतं, टीव्हीच्या खाली, दिवसभर चालू. मी डॉक्टरच्या बाकावर बसले आणि शाळेत पोरं रडतात तशी हुंदके देऊन रडले. मला कोणाचीही लाज वाटली नाही.

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यात थोडी नजर राहिली, दारातून कोण आलं ते कळण्याइतकी. थेंब मी घालायचे, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. आवाज चढवायचा नाही असं स्वतःला बजावून ठेवलं होतं, आणि तरी मनात राग होताच. यांच्यावर, स्वतःवर, आणि हो, आत्याबाईंवरसुद्धा. मी काय राक्षसीण आहे? डोळा जातोय हे सांगायलाही माणसाने घाबरावं?

एका दुपारी थेंब घालताना ते बाहेर आलंच. शाळेच्या आवाजात नाही, हळूच विचारलं. "आत्याबाई, मला काऊन नाही सांगितलं? मी रागावले असते, पण नेलं असतं ना तुम्हाला. त्याच दिवशी नेलं असतं."

त्यांनी डोळे मिटले होते. थेंब गालावरून खाली आला, तो मी पुसला.

"सांगतला ना बाई," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"बांधीत गायलो. पोरानं त्या डब्यात भरला. मी म्हनलो, आता हा सुनेपासी पोचते. तू बांधीत येत नाही, पन तुह्या घरात तर वाजते. एकडाव गायला का मंग तोंडानं बोलाचा नसते." वरच्या स्पीकरकडे हात केला, बरोबर त्याच दिशेने. "तू घरी असतानी तो गाना लागे ना, मी अस्सा उठून बसो. म्हनलो, आज आयकते. आज आयकते. आन् टक्कन बदले."

बाहेर डबा घुरघुरत होता, कुठलं तरी हिंदी गाणं चालू होतं.

"किती खेपा?" मी कसंबसं विचारलं.

"मोजलो नाही बाई." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, तक्रार नव्हती त्यात. "पन त्या आयतवारापरेंत पयल्या ओळीच्या पुढं कदी गेलाच नाही."