डबीभर लघवी

परवा केमिस्टच्या काउंटरवर संत्र्याच्या वासाच्या सिरपची बाटली फुटली आणि मला रहाटणीतली ती लॅब आठवली. तेव्हा माझ्या तीन वर्षांच्या लेकीला लघवीचं इन्फेक्शन सारखं उलटायचं. ते पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज रात्री थोडं, असंच संत्र्याच्या वासाचं अँटिबायोटिक सुरू केलं होतं, आणि ते घेताना ती घर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी लॅबच्या तपासणीत लघवी स्वच्छ निघाली तर औषध बंद होणार होतं, पण बाईसाहेब करतील तर शपथ! बायको डबी धरून वाकलेली, मी हाफ डे टाकून कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये उकिडवा बसून ‘शूऽऽ’ करतोय, नळ सोडलेला, आणि बाकावरून एक आजीबाई ओरडतायत, "आवं, तिला पानी पाजा की!" तेही पाजलं. लेक म्हणाली, "बाबा, तूच कर ना!" शेवटी लॅबचं शटर खाली आलं. चरफडत रिक्षात बसलो, तिला मांडीवर घेतलं आणि काळेवाडी यायच्या आतच माझी पॅन्ट गरम झाली. "झाली!" ती आनंदानं ओरडली. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "पिळून भरायची का डबीत?" पुढच्या तपासणीपर्यंत औषध आणि रोजचा तमाशा चालूच राहिला. आता ती सातवीत आहे. मी ही गोष्ट सुरू केली की दार आपटून आत जाते. उरलेली मी दाराबाहेरून सांगतो.