पागोळीची रेघ

शेजारच्या दादाच्या खोलीसाठी पंचायतीकडे केलेला अर्ज मी लिहिला होता, आणि त्या अर्जावरची हरकतही मीच लिहिली. दोन्ही कागद एकाच दौतीतल्या शाईचे, मधे आठ दिवसांचं अंतर. पंचायतीच्या सेक्रेटरींनी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं. दोन्हीकडे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

हे एकोणीसशे पन्नासनंतरच्या काही वर्षांतलं. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला, दापोडीच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरला कारकून. गावठाणाच्या कडेला दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं होतं. बायको आणि दोन वर्षांची मुलगी, एवढाच संसार. दादा त्याच वर्कशॉपमध्ये फिटरच्या हाताखाली होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, गावातल्याच जुन्या कुणब्याच्या घरातला. आम्ही नवखे, म्हणून पहिल्या दिवशी त्याच्याच घरून भाकरी आली. तो मला भाऊसाहेब म्हणायचा. कारकुनाला म्हणतात तसं, पण त्यात थट्टा नसायची. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो, ती मला भावजी.

त्याच्या आणि माझ्या भिंतीच्या मधे नऊ फुटांची मोकळी पट्टी होती. जागा त्याची. सरपण, मोडकी खाट, कुदळी-फावडी तिथे पडलेली असत. माझ्या छपराचा एक उतार त्या पट्टीवर येत होता. अर्जाच्या आदल्या उन्हाळ्यात मी गळकी कौलं काढून पत्रे घातले. खडकीला लष्कराच्या लिलावात मिळालेले, जाड आणि चांगले लांब. चढवायला दादाच आला. रविवारची सुट्टी घालवून दिवसभर छपरावर बसून त्याने हूक पिळले. पत्रे दीड फूट जास्त बाहेर येत होते. मी करवत आणायला निघालो तर वरूनच म्हणाला, "कापता कशापायी भाऊसाहेब? चांगला माल हाय. ऱ्हाऊ द्या तसाच. तुमच्या भितीला पानी लागायचं न्हाई."

"पण पाणी तुमच्या जागेत पडेल."

"पडूं दे की. तितं काय माझा राजवाडा हाय?"

पत्रे तसेच राहिले. छप्पर बदलायला पंचायतीची परवानगी घ्यावी लागते हे मला ठाऊक होतं. मी घेतली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात वहिनींना खोकला लागला. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, खोकला थांबेना. मग दादा एका संध्याकाळी माझ्याकडे कोरा कागद घेऊन आला. मधल्या पट्टीत सात फूट रुंदीची एक खोली काढायची होती, त्यासाठी अर्ज हवा होता. अख्ख्या वर्कशॉपचे रजेचे, बदलीचे, उचलीचे अर्ज मी लिहीत असे, त्यात मला विशेष काही वाटलं नाही. "राहत्या घरास लागून एक खोली वाढविणेबाबत" असं लिहून मी खाली फूटपट्टीने नकाशाही काढला. पुढे गल्लीकडे दार. मागे दुसऱ्याचा गोठा, तिकडे भिंत बंद. एक बाजू दादाच्याच घराची. राहिली माझ्याकडची बाजू.

"इकडं एक मोटी खिडकी दाखवा," दादा म्हणाला. "त्याच्यासाठीच खोली हाय."

"म्हणजे?"

तेव्हा त्याने सांगितलं. वहिनींच्या छातीचा फोटो काढला होता. क्षय निघाला होता. सुया सुरू झाल्या होत्या, पण इस्पितळात खाट मिळायला वेळ होता. तोवर वेगळी खोली आणि आरपार हवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी खिडकी काढली. हात थांबला नाही, हे मला आठवतं. खाली "शेजाऱ्याची हरकत नाही" अशी एक ओळ लिहून सहीला जागा सोडली, आणि सही उद्या करतो म्हणालो.

ती सही मी केली नाही. ती खिडकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येणार होती. तिथेच खाली पाटावर माझी मुलगी बसून जेवायची. मी आठ दिवस झोपताना, उठताना तेच पाहत होतो. पुढे अनेक वर्षं मी लोकांना सांगितलं की बायको घाबरली होती. ते खोटं आहे. बायको म्हणाली होती, "आपल्या खिडकीला पडदा लावू की." घाबरलो होतो मी.

पण हरकतीत आजाराचा शब्दही नव्हता. असं कसं लिहायचं, लोक काय म्हणतील, ही लाज होतीच. म्हणून मी पागोळीचं कारण काढलं. त्या काळी पंचायतीपाशी बांधकामाचे नियम थोडेच होते. बांधण्याआधी परवानगी, शेजाऱ्याच्या हरकतीची सुनावणी, आणि बाकी गावाची रीत. रीत अशी की छपराचं पाणी जिथे पडतं तिथवरची जागा छपरवाल्याची धरायची. नव्या भिंतीने ती सोडून आणखी एक फूट मागे राहायचं. आणि शेजाऱ्याच्या तोंडावर खिडकी काढायची तर त्याची संमती हवी. मी लिहिलं की प्रस्तावित भिंत माझ्या पागोळीच्या जागेत येते, आणि खिडकीमुळे घरातल्या बायामाणसांचा आडपडदा राहत नाही. भाषा अगदी नेटकी होती.

फाल्गुनात एका सकाळी पंच जागा पाहायला आले. सरपंच, दोन पंच, सेक्रेटरी, आणि गल्लीतली निम्मी माणसं. पागोळी ठरवायची पद्धत सरळ होती. शिडी लावून छपरावर पाणी ओतायचं आणि ते कुठे पडतं ते बघायचं. एकाने दोन घागरी वर नेल्या.

"फाल्गुनात पाऊस पाडाय आलोय," थोरले पंच म्हणाले. "दक्षिणा काय देनार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कारकुनाचं घर हाय. हितं पाऊस बी अर्ज केल्याबिगर पडत न्हाई."

सगळे हसले. दादाही हसला. पाणी पत्र्याच्या पन्हळींतून धावत आलं आणि भिंतीपासून अडीच फुटांवर एका ओळीत मातीत पडलं. तिथे फक्कीची रेघ मारली गेली. कौलं होती तेव्हा पाणी जेमतेम फुटावर पडायचं. सरपंचांनी त्या रेघेकडे पाहिलं, मग पत्र्यांकडे पाहिलं.

"लई पुढं आलेत की पत्रे. पयल्यापासून असंच हायेत?"

"असेच आहेत," मी म्हणालो.

सरपंच दादाकडे वळले. "व्हय का रं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. डोक्यावरची टोपी सारखी करायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणाला, "व्हय. असंच हायेत."

सेक्रेटरींनी पंचनामा लिहिला. दारात वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी तिकडे पाहायचं टाळलं.

परवानगी मिळाली, पण खोली सातची साडेपाच फूट झाली, आणि "हरकतदाराचे बाजूस खिडकी, जाळी वा झरोका ठेवू नये" अशी अट पडली. दादाने तेवढीच बांधली. चैत्रात वहिनी तिथे राहायला गेल्या. खाट टाकली की शेजारी माणूस बसायला जागा उरत नसे. दादा उंबऱ्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घालायचा. दुपारी भिंती तापल्या की खाटेचं डोकं दाराबाहेर गल्लीत काढायचे. मग येणारे-जाणारे कुरकुरायचे, काहीजण दूरच्या वाटेने जायचे. मी त्या लोकांना मनातल्या मनात निर्दय म्हणत असे. माणूस स्वतःला किती सोयीने वगळतो.

खोकला मला भिंतीतून ऐकू यायचा. मी ठरवलेल्या भिंतीतून. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मी एक फळी ठोकली होती, तिची आता गरज उरली नव्हती आणि ती काढण्याचं धाडसही. बायको त्या फळीकडे बघत धुरात स्वयंपाक करायची.

वैशाखात दादा पुन्हा कोरा कागद घेऊन आला. मला वाटलं होतं, आता हा कुणा दुसऱ्याकडून लिहून घेईल.

"रजेचा अर्ज पायजे. दोन म्हैन्यांचा. बिनपगारी."

"दोन महिने? फोरमन देणार नाही. नाव काढून टाकतील तुमचं."

"काढलं तर काढलं. हिला खेडच्या पल्याड, म्हायेरी न्यावं म्हनतो. तितं मोकळं रान हाय. हितं जीव घुसमटतोय तिचा."

"आणि सुया?"

"तितं कोन देनार. पर हवा तरी मिळंल."

मी लिहायला बसलो. विनंती, नाव, खातं. मग कारण आलं. "पत्नी आजारी असून घरात हवेशीर जागा नसल्याने" एवढं लिहून झालं आणि पुढे सरकता येईना. आजवर दुसऱ्यांसाठी शेकडो कारणं लिहिली होती, खरी आणि खोटी. हे एक खरं होतं आणि ते माझ्यामुळे खरं झालं होतं. त्याची नोकरी जाणार होती, वहिनींच्या सुया थांबणार होत्या, आणि ते सगळं पुन्हा माझ्याच अक्षरात जाणार होतं.

मी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. खिडकीबाबतची माझी हरकत मी मागे घेत आहे, सदर बाजूस पाहिजे तेवढी खिडकी ठेवण्यास माझी संमती आहे, असं लिहून सही केली. तो वाचून दाखवला. मग मी म्हणालो, "थांबा, पत्र्यांचंही लिहितो. पत्रे मागाहून वाढवलेत, मी पंचांना खोटं सांगितलं, असं. भिंत पुन्हा पुढे घेता येईल."

"ते नगा लिवू."

"का?"

"बिनपरवाना वाढिवलेत म्हनून पंचायत कापाय लावंल. पाऊस म्हैन्यावर आला. तुमची भीत मातीची हाय, भाऊसाहेब. भिजली तर बसंल खाली. पोर आत निजतीय." मग खाली बघत म्हणाला, "आन् मीच म्हनलो हुतो न्हवं, ऱ्हाऊ द्या म्हनून. त्या दिवशी पंचांम्होरं काय सांगनार."

मी लिहिलं नाही. त्याने नको म्हटलं म्हणून लिहिलं नाही, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्याने नको म्हटलं याने मला हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी कचेरीत गेलो. सेक्रेटरींनी तो वाचला, आणि पुन्हा अक्षराविषयी काही बोलतील अशी मला भीती वाटली. ते बोलले नाहीत. सरपंचांची सही घेऊन त्याच संध्याकाळी त्यांनी अट रद्द केल्याचा कागद हातात दिला. रविवारी दादाने छिन्नीने भिंत फोडली, मी विटा बाहेर नेल्या. चौकट बसवली. मग घरी येऊन मी आमच्या खिडकीची फळी उपटली.

दादा रजेवर गेला नाही. सुया चालू राहिल्या. पावसाळा सरता सरता इस्पितळातली खाट मिळाली, वर्षभराने वहिनी बऱ्या होऊन परत आल्या आणि पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. हे मी आधीच सांगतो, कारण मला जे सांगायचं आहे ते त्यांच्या बरं होण्याविषयी नाही.

खिडकी उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. मी आमच्या खिडकीपाशी पाणी पीत उभा होतो. समोर, चार हातांवर, वहिनी खाटेवर होत्या. वारा चांगला येत होता, त्यांच्या कपाळावरचे केस उडत होते. पण त्या खिडकीकडे पाठ करून, बंद भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "रोज अशाच असतात. आपल्याकडे कुणी दिसलं की भिंतीकडे वळतात."

मी म्हणालो, "वहिनी, इकडे तोंड करा. वारा इकडून आहे."

त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि तशाच, न वळता बोलल्या. "असू द्या भावजी. तुमची पोर हाय तितं."

"पडदा लावू आम्ही. तुम्ही वळा."

थोडा वेळ त्या खोकल्या. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं, तुमी कशाला भ्यालात ते. भ्यायाचंच की. बाळाचं घर हाय. पर पागोळीचं कशापायी काढलंत? तुमी घरात येऊन म्हनाला असता, वहिनी, खिडकी नगं, तर मीच ह्यांना म्हनले असते, नगं. खिडकीचं गोठ्याकडं इचारलं असतं आमी. त्यो गोठेवाला माझा मावसभाऊ लागतो."

त्या रागावल्या नव्हत्या. मला कळावं म्हणून सांगत होत्या, एखाद्या नवख्याला गावात कुणाचं काय नातं आहे ते सांगावं तशा.

पण त्या वळल्या नाहीत. ते चार महिने, मी खिडकीत असेतोवर, त्या कधीच वळल्या नाहीत. म्हणून मी तिथे उभं राहणं सोडलं, म्हणजे त्यांना वाऱ्याकडे तोंड करता येईल. संध्याकाळी कामावरून आलो की पुढच्या ओट्यावर बसायचो, आणि बायकोलाही सांगितलं होतं, की दुपारी शक्य तेवढा वेळ मुलीला घेऊन पुढच्याच खोलीत बस.