देवाची पत्रिका आणि माझा डावा हात

ओल्या शाईवरून हात फिरवायचा नाही, हे सुलेखनाच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. डाव्या हाताने लिहिणाऱ्याने मग हात ठेवायचा कुठे, हे कुणीच सांगत नाही!

विश्रामबागेतल्या त्या क्लासला मी सेहेचाळिसाव्या वर्षी जाऊ लागले आणि चौथ्याच रविवारी आष्ट्याहून वडिलांचा फोन आला. आबा रिटायर्ड सुभेदार. त्यांचा फोन म्हणजे हुकूम. "ऋतुजाच्या लग्नाची पयली पत्रिका म्हसवडच्या सिद्धनाथाला. ती तू हातानं लिवायची. मी गावभर सांगून बसलोय!" (ऋतुजा माझी भाची, भावाची मुलगी.)

आबांना नाही म्हणणं मला जमत नाही. डाव्या हाताने लिहिते म्हणून शाळेत छडी बसायची, तेव्हा सुट्टीवर आलेले आबा युनिफॉर्मवरच गुरुजींना भेटले होते. "गुरुजी, बंदूक डाव्या खांद्यावरनंबी चालती. लिवू द्या पोरीला." त्यांचे ते उपकार मी अजून विसरलेले नाही.

तर हातकागदाचे तीनच कागद घेऊन मी आष्ट्याला पोचले. म्हसवडला जायची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. पहिल्या कागदावर रुंद निबने देवाचं नाव झोकात लिहिलं आणि मागोमाग माझ्याच तळव्याने पुसत नेलं.

"वन्सं, काजळ फिसकटल्यागत दिसतंय!" वहिनी म्हणाली.

दुसऱ्या कागदाला क्लासमधल्या सरांची युक्ती वापरली. कागद आडवा फिरवायचा आणि ओळ वरून खाली, आपल्याकडे आणायची. हात शाईला लागत नाही. देवाचं नाव असं उतरलं, की मीच हात जोडले! त्यावर वहीचा साधा कागद झाकून, सगळं तसंच आडवं ठेवून मी चहाला आत गेले. (ही माझी चूक. आबांना वाकडं काही बघवत नाही. ते शेजाऱ्यांच्या चपलासुद्धा रांगेत लावतात.) परत आले आणि कौतुकाच्या तंद्रीत नवरीचं नाव वरून खाली लिहून टाकलं. उजवीकडचं झाकण वर गेलंय, हेही मला दिसलं नाही! ते उचललं, तर देव सरळ आणि ऋतुजा कुशीवर झोपून खाली घसरलेली.

"आबा, कागद कुणी हलवला?"

"हलवला न्हाई. सरळ केला."

"ही पत्रिका हाय का शब्दकोडं?" वहिनीने विचारलं.

कागद एकच उरला होता आणि आबा गावभर सांगून बसले होते. मग गुडघ्यांना शिव्या देत ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. "चूक माजी हाय. कागद आडवाच ठेव. तू हात हलवू नगंस, कागद मी माज्याकडं वढतो."

"वढू?"

"ओढा."

"थांबू?"

"थांबा, आबा!"

असे दोन तास! त्यांचे गुडघे मला ठाऊक होते. डोळे सारखे भरून येत होते, पण कागदावर थेंब पडला असता तर चौथा कागद नव्हता.

म्हसवडला पुजाऱ्यांनी पत्रिका हातात घेतली. "लय झ्याक! पन सुभेदार, लगीन कवा हाय?"

मी तारीखच लिहिली नव्हती!

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या आणि तारीख, मुहूर्त, मंगल कार्यालय, जेवणाची वेळ, सगळं देवाला खणखणीत आवाजात सांगून टाकलं. माझ्या आजवरच्या सुलेखनात फिसकटायची भीतीच नसलेली ओळ तेवढीच!