दारातलं माणूस

कॅमेऱ्याच्या रेक्झिनच्या पाकिटाला अजून त्या दुकानाचा वास येतो. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा काका, आई आणि मी आष्टीहून जालन्याला डिजिटल कॅमेरा घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं काकांना पायरीवर उन्हात आणि आईला त्यांच्या मागं, दुकानाच्या दारात उभं केलं आणि दोन कॅमेऱ्यांनी फोटो काढून दाखवले. एकात दोघांचेही चेहरे दिसत होते. दुसऱ्यात काका झकास आले, आईच्या जागी नुसता काळोख. पण त्याचा झूम मोठा होता. आई हळूच म्हणाली, "याच्यात दारातलं माणूस दिसून न्हाई राह्यलं." काका म्हणाले, "दारातलं काय पाहायचंय? पाहुणे तं अंगणात बसतेत. हाच द्या." मग सुपारी असो की टिळा, पुरुष अंगणात गादीवर बसायचे आणि आई बायकांसोबत दारात उभी राहून बघायची. प्रत्येक फोटोत काकांचा फेटा लख्ख आहे आणि मागं दार काळंभोर. आई गेली, तेव्हा हार घालायला मी तिचा फोटो शोधत होतो. काकाच मला म्हणाले, "एवढा भारी कॅमेरा घरात, आन् वहिनीचा एक बी फोटो न्हाई काढला तू?"