पोचा पडलेला हंडा

अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात सावळेरामनं सरूबाईच्या हंड्यावर काठी घातली. गावतळं सकाळी हिरवं होतं, बाराला रक्तासारखं लाल झालं, आणि मधल्या वेळात पाणी भरून गेली होती ती सरूबाई.

"बौद्धवस्तीचा हंडा बुडला आन् तळं बाटलं!" सावळेराम काठावरनं ओरडला. गावानं मान खाली घातली. सरूबाई त्या दिवसापासून मैलभर लांबच्या विहिरीवर जायला लागली. हंड्याचा पोचा तिनं ठोकून घेतला नाही. म्हणायची, "ऱ्हाऊ दे. दिसला पायजे."

तिची लेक यशोधरा मंचरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. दहावी नापास, पण जीभ वस्तऱ्याची. दुसऱ्या उन्हाळ्यातही तळं लाल झालं. आई तर तिकडं फिरकलीही नव्हती! यशोधरानं बाटलीभर पाणी नेलं, सरांचा डोळा चुकवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि वाकली ती उठेचना. एका पेशीचा एक जीव, दोन्ही टोकांना निमुळता. पुढं चाबकासारखी शेपटी, शेजारी तांबडा ठिपका.

सर मागं येऊन उभे होते. रागावले नाहीत. "युग्लीना. त्या ठिपक्यानं उजेडाची दिशा कळते. ऊन तापलं की पोटातला लाल रंग अंगभर पसरतो, छत्री उघडावी तसा. सावलीत रंग मिटतो, जीव हिरवा दिसतो."

"आन् एवढे आले कुठनं, सर?"

"शेणमूत मिसळलं की माजतात. एकाचे दोन, दोनाचे चार."

यशोधरा हसली. तळ्याच्या वरच्या अंगाला गोठा एकच. बेल्ह्याच्या बाजारातनं आणलेल्या अकरा म्हशी, मालक सावळेराम.

रविवारी भर दुपारी आईचा हंडा काखेत घेऊन तिनं त्याला पारावर गाठलं. "तात्या, पराती तुमच्या, हात तुमचे. तळ्याचं पाणी तुमीच भरा. मी शिवत न्हाई."

गाव बघत होतं. सावळेरामनं ताठ्यात दोन पराती भरून उन्हात ठेवल्या. एकीवर तिनं त्यालाच घोंगडी टाकायला लावली.

"अंडी उबवतीस का गं?" पारावर बसलेल्या बहिरूनं टोमणा मारला.

"उबवते. कुणाचं पिल्लू निघतंय बघ."

तासाभरानं घोंगडी निघाली. उघडी परात लालभडक, झाकलेली हिरवीगार.

"शिवलं कुणी?" यशोधरानं विचारलं. "उनानं रंग बदलतोय. आन् ह्ये जीव माजलेत तात्यांच्या गोठ्याच्या पाण्यावर. पाट बघा, सरळ तळ्यात!"

सावळेरामची सख्खी भावजय प्रयागबाईच उसळली, "दोन वर्सं शेण पाजलंस व्हय रं आमाला?"

"झालं गेलं, पोरी," सावळेराम पुटपुटला.

"कुठं झालं? पोचा हाय अजून. हंडा भरा, आमच्या दारात आणा."

बायकांनी वाट अडवलेली. सावळेरामनं तोच हंडा तळ्यात भरून खांद्यावर घेतला आणि बौद्धवस्तीपर्यंत वाहिला. सरूबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं हंडा घेतला, आत वाकून बघितलं आणि सगळा त्याच्या वहाणांवर ओतला.

"आमी न्हाई पीत, तात्या. बाटतं."