तिसरा आकडा

त्या सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होतो. एरवी माझी एक शेंग होईपर्यंत सुमनच्या तीन व्हायच्या. त्या दिवशी मीच पुढं होतो. ती शेंग हातात धरायची आणि श्वास घ्यायला थांबायची.

"दम लागलाय का गं?"

"न्हाय. शेंगा निबर हायत."

निबर नव्हत्या. मळ्यातनं मीच तोडून आणल्या होत्या.

सुमनचं हृदय कमजोर झालेलं. आमचं गाव इंदापूरच्या अंगाला, बारामतीचा दवाखाना तासाभरावर. डॉक्टर म्हणाले, सारखं येऊ नका, मोबाइलवर बघतो. बोटाला लावायचा एक चिमटा दिला. रक्तात ऑक्सिजन किती, ते त्याच्यावर आकड्यात दिसतं. रोज सकाळी आठला चिमटा लावायचा, आकड्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, पाठवायचा. तिकडं वैशाली सिस्टर बघायची. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आबा, आधी हाताला ऊब द्या, मग लावा. आणि नव्वदच्या खाली आला तर परत परत लावत बसायचं नाही. तोच फोटो पाठवायचा आणि मला फोन करायचा."

मी चौथी शिकलेला. पण मशीनचा आकडा वाचणं हाच माझा धंदा. गावच्या दूध संकलन केंद्रावर मी तीस वर्षं फॅट लावतो. फॅट म्हणजे दुधातली चरबी, तिच्यावर दुधाचा दर. आकडा कमी आला की सभासद खवळतो. "आबा, म्हस तीच, पेंड तीच, मग फॅट कुठं गेली? परत लावा!" मी दूध ढवळून परत लावतो. तरी भांडला तर तिसऱ्यांदा. तिन्हीत जो बरा, तो लिहितो. त्याच गावात राहायचं असतं.

शेंगा बाजूला ठेवून चिमटा लावला. शहाऐंशी. मी फोटो काढला. पाठवणार तेवढ्यात सुमननं माझा हात धरला.

"आता दवाखाना का?"

"व्हय."

"अवं, उद्या पोरगी यायची हाय. तिनं काय मला नळ्या लावलेल्या बगायच्या?"

"ते माज्या हातात न्हाय."

"मग परत लावा की. केंद्रावर गावाला तीन-तीनदा लावता, आन् बायकूला एकदाच व्हय?"

मला हसू आलं. मी तिचे हात चोळले, परत लावला. एकोणनव्वद. बोट बदललं, खोल श्वास घ्यायला सांगितलं. ब्याण्णव. त्याचा फोटो पाठवला. वैशालीचं उत्तर आलं, "छान. गोळ्या वेळेवर द्या."

"बगा, झालं का न्हाय?" सुमन म्हणाली.

अकराला मोरीकडं जाताना ती भिंत धरून खाली बसली. ओठ निळे पडलेले. चिमटा लावला तर अठ्ठ्याहत्तर. परत लावला नाही. वैशालीला व्हिडिओ फोन केला.

"आबा, फोन त्यांच्या तोंडाकडं धरा. आडवं करू नका, बसवून ठेवा. अॅम्ब्युलन्स पाठवते, पण वाट बघत थांबू नका. मिळेल त्या गाडीनं निघा, रस्त्यात गाठतील."

शेजारच्या पोपटरावानं जीप काढली. मी मागं बसलो, तिची पाठ माझ्या छातीला टेकवून. पुढं उसाच्या ट्रॉल्या. पोपटराव हॉर्नवरचा हात काढत नव्हता. फोन चालूच होता.

"आबा, सकाळी ब्याण्णव होतं ना? मग एकदम एवढं कसं उतरलं?"

मी सुमनचा पदर सारखा केला.

"आबा, बोला ना. डॉक्टर विचारतायत."

"ब्याण्णवच हुतं," मी म्हणालो.

सुमननं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिला बोलता येत नव्हतं.

अर्ध्या वाटेत अॅम्ब्युलन्स भेटली. ऑक्सिजन लावला. दवाखान्यात नळ्याही लावल्या. दुपारी ती गेली.

मी डॉक्टरांना विचारलं, "तीन तास आदी आनली असती तर?"

"खात्रीनं नाही सांगता येत, आबा. पण तीन तास हातात मिळाले असते."

घरात असलं मशीन असेल त्यांना एवढंच सांगतो. मनासारखा आकडा येईपर्यंत लावत बसू नका. पहिला पाठवा, मग काय भांडायचं ते भांडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मोबाइलचा गजर वाजला. पोरगी आत बायकांत बसलेली. शेंगांची टोपली ओट्यावर तशीच होती. मी मोबाइलमधला शहाऐंशीचा फोटो शोधला आणि वैशालीला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"आबा, हा कधीचा?"

"कालचा, आटचा. ह्यो पयला हुता. तुमाला तिसरा धाडला. गाडीत बी खोटं बोललो. तुमच्या कागदावर दुरुस्त करून घ्या."

ती म्हणाली, "आता कशाला, आबा?"

"लावनारा मी हुतो," मी म्हणालो.