भिंतरावची सात मिनिटं

पोलीस ठाण्यात त्याला भिंतराव म्हणत. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर येत नसे. "भिंतराव कुठंय?" म्हटलं की चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कळायचं. हुद्दा हवालदार, वय एकावन्न, डोकं दाराच्या चौकटीला लागेल इतकी उंची, आणि रुंदीही काही मागे नाही. आवाज तर असा, की गल्लीच्या या टोकाला तो "मागे व्हा!" म्हणाला तर त्या टोकाची माणसं उगाचच दोन पावलं सरकायची.

आता कोणी म्हणेल, मागे व्हा म्हणायला काय अक्कल लागते? लागते हो! रस्त्यात एखादा माणूस कोसळला की लोक कुठून उगवतात देव जाणे. एकाला त्याच्या तोंडात पाणी ओतायचं असतं, दुसऱ्याला पाय चोळायचे असतात, तिसरा फोन उंच धरून फोटो काढतो, आणि चौथा नुसतं "अरेरे, अरेरे" करत बाकीच्यांच्या अंगावर रेलतो. प्रत्येक जण म्हणणार, मला सोडा, मला त्यातलं कळतं. एकाचा मेव्हणा डॉक्टर, एकाची चुलती नर्स. या सगळ्या शहाण्यांना हटवून आठ हात जागा मोकळी करायची आणि ती ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मोकळी ठेवायची, हे भिंतरावचं काम. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

गस्तीच्या गाडीत त्याच्याबरोबर चौदा वर्षं एकच माणूस होता, त्याचा जोडीदार. काडी पहिलवान, आवाज इतका बारीक की वायरलेसवर तीनदा बोलावं लागे. पण हात सोन्याचे. गस्तीची गाडी रस्त्यावरच असायची, त्यामुळे आग असो, अपघात असो, कोणाच्या छातीत कळ असो, बंबाच्या आणि ॲम्ब्युलन्सच्या आधी हे दोघे पोहोचत. गाडी थांबली की जोडीदार एका दाराने उतरून थेट पडलेल्या माणसापाशी गुडघ्यांवर. भिंतराव दुसऱ्या दाराने उतरायचा, पडलेल्याकडे पाठ करायचा, गर्दीकडे तोंड, हात पसरलेले. असं करायचं हे दोघांत कधी ठरलं नव्हतं. अंगवळणी पडलं होतं.

त्यामुळे गंमत अशी, की चौदा वर्षांत भिंतरावने मरणारी माणसं फारशी पाहिलीच नव्हती. त्याने पाहिले ते बघ्यांचे चेहरे. मागे जोडीदार छाती दाबत "एक, दोन, तीन" मोजतोय, हे त्याला ऐकू यायचं, आणि पुढच्या चेहऱ्यांवरून कळायचं, माणूस येतोय की जातोय. बहुतेक जायचाच. जोडीदार म्हणायचा, "दहातला एक हाताला लागला तरी खूप झालं रे." गादी कारखान्याला आग लागली तेव्हा मात्र जोडीदाराने आतून रखवालदाराला जिवंत ओढून काढलं. त्या रखवालदाराची बायको बाहेर भिंतरावच्या छातीवर बुक्क्या मारत होती, "सोड मेल्या, माझा माणूस आहे आत!" त्याने सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात येऊन त्याच्या पाया पडायला लागली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, कोणी कितीही रडो, सोडायचं नाही.

छाती दाबायला त्यालाही येत होतं बरं का. दरवर्षी प्रशिक्षणात रबरी बाहुलीवर दाबून दाखवावं लागे, आणि दरवर्षी तो पास व्हायचा. "बाहुली बिचारी तक्रार करत नाही," म्हणून हसायचाही.

बायकोला हॉलसाठी नवे पडदे घ्यायचे होते. सहा महिने ती मागे लागली होती, आणि दर सुट्टीला कुठे ना कुठे काहीतरी पेटायचं. त्या मंगळवारी सकाळी तिने बजावलं, "अहो, आज गाव जळलं तरी जायचं नाही. आज तुम्ही माझे." मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, तीही आली. "बाबांना रंगातलं काही कळत नाही, मला यायलाच हवं," म्हणाली.

कापडाचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना कापडाचे उभे गठ्ठे, शेवटी शिवणयंत्राचं टेबल आणि त्यावर पडद्यांना दुमड घालणारी एक बाई. बायकोने राखाडी कापड उजेडात धरलं, दुकानदाराला विचारलं, "धुतल्यावर आटायचं नाही ना?" उत्तर यायच्या आत ती गठ्ठ्यांवर रेलली, आणि गठ्ठ्यांसकट खाली आली.

भिंतराव गडबडला नाही. गडबडायची सवयच नव्हती. मुलीला म्हणाला, "ॲम्ब्युलन्सला फोन कर, खाली दारात उभी राहा, आले की वर घेऊन ये." ती जिन्याकडे धावली. त्याने गठ्ठे बाजूला लोटले, बायकोला सरळ निजवलं, कान तोंडाशी नेला. श्वास नव्हता, घशात नुसती घरघर होती. इथवर सगळं बरोबर झालं. एवढ्यात गिऱ्हाइकं जमली, दुकानातले विक्रेते आले, खालच्या दुकानातलेही वर चढून आले, आणि कोणीतरी म्हणालं, "पाणी द्या, पाणी!"

भिंतराव उठला. बायकोकडे पाठ केली, हात पसरले आणि ओरडला, "मागे व्हा!"

लोक मागे झाले. शिवणाऱ्या बाईने मात्र त्याच्या हाताखालून आत शिरायला पाहिलं. त्याने तिचं मनगट धरलं.

"दादा, मला जाऊ द्या. मी नऊ वर्षं दवाखान्यात होते. यांची छाती दाबायला पाहिजे."

"मागे व्हा, बाई."

"अहो, पण कोणीच काही करत नाहीये!"

"करताहेत. मागे व्हा."

करताहेत, म्हणाला. कोण करत होतं? अरे देवा, कोण करत होतं तिथे! पण त्याच्या पाठीमागे चौदा वर्षं कोणीतरी करतच होतं, आणि त्या घटकेलाही त्याच्या अंगाला ते तसंच वाटत होतं. ती बाई हात सोडवायला धडपडत होती, आणि ती जितकी ओढ घेई तितकी त्याची पकड घट्ट होत होती.

मग त्याचं लक्ष समोरच्या चेहऱ्यांकडे गेलं. इतक्या वर्षांत बघे नेहमी त्याच्या कमरेशेजारून खाली, जमिनीकडे बघायचे. हे सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. कानांवर मोजणंही येत नव्हतं. त्याने वळून पाहिलं. जमिनीवर बायको होती, तिच्या मुठीत राखाडी कापडाचं टोक होतं, आणि शेजारी कोणी नव्हतं.

त्यानंतर तो दाबत सुटला. बरगडी मोडल्याचं त्याच्या हाताला कळलं. शिवणारी बाई समोर बसली, तो थकला की ती दाबत होती. दोन मिनिटांनी ॲम्ब्युलन्सवाले मुलीच्या मागोमाग वर आले आणि त्यांनी दोघांना बाजूला केलं. बायको जिना उतरली ती गेलेलीच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. "लगेच दाबलं असतं तरी वाचल्याच असत्या, असं सांगता येत नाही," म्हणाले. चांगला माणूस होता.

चौथ्या दिवशी जोडीदार घरी आला. ड्यूटीवरून तसाच, युनिफॉर्मवर. दोघे हॉलमध्ये बसले. खिडकीला जुनेच पडदे होते. जोडीदाराने विचारलं, "किती वेळ दाबलंस?"

"दोन मिनिटं."

"आणि आधी?"

"आधी गर्दी मागे ठेवली. सात मिनिटं. घड्याळ समोरच होतं, त्या बाईने पाहिलंय. मी जाऊन विचारून आलो तिला."

"अरे, मग वहिनींजवळ कोण होतं?"

"तू असतोस ना," भिंतराव म्हणाला.

जोडीदाराने टोपी मांडीवर घेतली आणि तोंड फिरवलं. जाताना तो दाराशी अडखळला, बूट उलटे घातले, परत सरळ केले, आणि जिना उतरून गेला.

मुलगी आतून आली. "काका रडत का गेले?"

भिंतरावने सत्तावीस वर्षं लोकांचे जबाब घेतले होते. 'सांगता येत नाही' या वाक्याआड माणसं कशी दडतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? डॉक्टरांनी त्याला तीच आडोशाची जागा करून दिली होती. तिथे तो जन्मभर बसू शकला असता. पण पोरीपाशी खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने सगळं सांगितलं. पाठ, हात, ती बाई, तिचं मनगट, सात मिनिटं. सांगून झालं तेव्हा त्याला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल, निदान उठून जाईल. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

ती खुर्चीच्या कडेला बसली. तिने सावकाश विचारलं, "म्हणजे मी खाली दारात उभी होते, तेव्हा वर कोणीच दाबत नव्हतं?"

"नाही."

"मला येतं, बाबा."

"काय येतं?"

"छाती दाबायला. कॉलेजात शिकवलंय आम्हाला. परीक्षा असते त्याची." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "जिन्यात एकदा मनात आलं होतं, परत वर जावं. एवढ्यात तुमचा आवाज आला, मागे व्हा म्हणून. म्हटलं, बाबा आहेत वर. मग मी निवांत उभी राहिले. दुकानाची पाटी वाचत होते मी, बाबा."

भिंतरावने तिच्याकडे हात केला. ती खुर्चीसकट मागे सरकली.